धाकटीचा चांगला दिवस

वेदना माणसाला थोर बनवते, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलंय. धाकटीचं अंग सहा वर्षं दुखत होतं आणि एवढ्या तपश्चर्येतून तिला दोनच गोष्टी साधल्या होत्या: बसल्या जागी डोळा लागणं आणि न अडखळता खोटं बोलणं.

दोघी जावांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, वाढत्या पोटांना कमरेत जागा करून देणं. थोरली मशीनवर बसे, धाकटी हातशिलाई करी, म्हणजे हात उचलत त्या दिवशी. खांद्यापासून घोट्यापर्यंत सगळं ठणके, आणि रात्रभर झोपूनही सकाळी ती ओझी वाहून आल्यासारखी उठे. रिपोर्ट मात्र भिंतीला टांगावेत इतके स्वच्छ. डॉक्टरांनी एकच पथ्य दिलं होतं: दमायच्या आधी थांबायचं, आणि बरं वाटेल त्या दिवशी तर निम्म्यावरच.

रिपोर्ट बघून नवऱ्यासकट सगळे गप्प झाले. बोलली ती फक्त थोरली. "तिला होत नाही म्हणजे होत नाही," हे तिनं सासूला ऐकवलं, गिऱ्हाइकांना ऐकवलं आणि एकदा तर कुणी न विचारता पोस्टमनलाही ऐकवलं. धाकटीचा हा एकुलता एक साक्षीदार. तो फुटू नये म्हणून ती बऱ्या दिवशीही कमरेवर हात ठेवून चाले. चांगला दिवस कुणी पाहिला की वाईट दिवसावर कुणाचा विश्वास बसत नाही, हे तिला पुरतं कळलं होतं.

मंगळवारी ती जागी झाली तेव्हा काहीच दुखत नव्हतं. चष्मा शोधावा तशी ती दहा मिनिटं दुखणं शोधत पडून राहिली. दुकानात एका हॉटेलच्या वाढप्यांच्या चाळीस पँट्स आखूड करायच्या होत्या, द्यायच्या गुरुवारी. धाकटीनं फोन उचलला आणि आवाज पाडून म्हणाली, "वहिनी, आज नाही हो जमणार."

"पडून राहा. मी बघते."

एवढंच. ओरडली असती तर परवडलं असतं.

मग धाकटी कालव्याच्या कडेनं पाऊण तास चालली. बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, तेही तिनं मन लावून बघितलं. लाल चपला घेतल्या. निम्म्यावर थांबायचं पथ्य आठवलं, पण दिवस संपल्याशिवाय त्याचा निम्मा कुठला हे कळणार कसं, असा बिनतोड मुद्दा काढून ती चालतच घरी आली.

बुधवारी तिला पांघरूणही जड झालं. फोन नवऱ्यानं केला. दुपारी थोरली पिशवीभर पँट्स घेऊन हजर. "तिकडे बसून करायचं ते इकडे बसून करते," म्हणत तिनं पलंगाशी खुर्ची ओढली, दहाबारा टाचण्या ओठांत धरल्या आणि दुमडी घालू लागली.

टाचण्या तोंडात असताना माणूस बोलू शकत नाही. धाकटीनं ती संधी साधली. "वहिनी, काल मला बरं होतं. मी फिरायला गेले होते." आणि कालवा, बस, चपला, सगळं ओकली.

थोरलीनं एकेक टाचणी काढून गादीच्या कडेला टोचली. "चाललीस किती?"

"जाऊन-येऊन अडीच तास."

"म्हणजे चालता येतं तुला."

सहा वर्षं धाकटी ज्या वाक्याला भीत होती, ते हेच. "काल येत होतं," ती म्हणाली. "आज संडासापर्यंत भिंत धरून गेले."

"तुझ्यापायी सासूबाईंनी माझ्याशी महिनाभर अबोला धरला होता."

"माहितेय."

थोरलीनं मांडीवरची पँट बाजूला ठेवली. "आणि तो कमरेवरचा हात. तो मला कधीच पटला नाही. खरं दुखतं तेव्हा तू कमरेला वारासुद्धा लागू देत नाहीस."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? म्हटलं, हौस असेल. अगं, सरळ सांगायचंस की, वहिनी, आज बरं आहे, फिरून येते."

"तुम्ही जा म्हणाला असतात?"

थोरलीनं प्रामाणिकपणे विचार केला. "नसते म्हणाले. चाळीस पँट्स होत्या."

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला हात उचलेना, तेव्हा थोरलीनंच एका वाढप्याच्या पँटनं ते पुसलं. "लोकांना मी सांगायचं तेच सांगणार. खोटं थोडंच आहे ते? तो हात तेवढा आवर."

"काल एकटीनं किती उरकल्यात?" धाकटीनं विचारलं.

"एकही नाही. दहालाच मशीनचा पट्टा तुटला. मी घरी जाऊन झोपले."