मागणी नाही

वाक्य तयार होतं, फक्त त्याखाली दिल्लीतल्या मंत्रालयात टिपण्या लिहिणाऱ्या संघपालचं नाव लागायचं होतं.

*ग्रामीण भागात फायबर इंटरनेटला मागणी नाही. सबब पुढील टप्प्यास निधी देण्याची आवश्यकता दिसत नाही.*

वाक्य शशिकांत सरांचं, आणि तोंडी. लेखी ते काही सांगतच नसत. संचालक झाल्यापासून स्वतःच्या मनाने त्यांनी कागदावर उतरवलेली सगळ्यात धाडसी गोष्ट म्हणजे रजेचा अर्ज.

"अरे, आकडे बघ ना यार. शंभरातल्या सत्तर पंचायतींत वापर शून्य! सरकारने किती खैरात वाटायची? ज्याला हवं तो घेईल विकत. चार वाजेपर्यंत टिपणी पाठव."

लक्ष्मीबाई नगरमधल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये दोन जोडण्या होत्या. एक सरकारी खर्चाने, दुसरी पहिली रुसली तर, तीही सरकारी खर्चाने. तिथे मागणी सिद्ध करा, असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.

संघपालने यादी उघडली. यवतमाळकडचं त्याचं स्वतःचं गाव त्या सत्तर टक्क्यांत होतं. जोडलेले: होय. वापर: शून्य.

त्याने चुलतबहिणीला फोन लावला.

"पंचायतीतल्या नेटच्या पेटीले कुलूप हाय, दादा," क्रांती म्हणाली. "ग्रामसेवक मंगळवारी येते अन् चाबी संगं नेते. फॉर्म भराले मी जीपनं तालुक्याले जाते. कावून? तुमच्या दिल्लीत आमचं नेट चालू हाय का?"

"हो. कागदावर, तीन वर्षांपासून."

"मंग एखादा फॉर्म तिथूनच भरून टाक ना!"

*ग्रामीण भागात मागणी*

त्याने खोडलं.

*वापर शून्य आहे, कारण*

इथे तो थांबला. या फाइलवर एकदा पाठवलेली टिपणी कोणालाच पुसता येत नसे. त्याला नाही, सरांनाही नाही. बढतीचा गोपनीय अहवाल सरच लिहिणार होते.

*कारण पेटीला कुलूप आहे. एकवीस पंचायतींत फोन करून खात्री केली. सतरा ठिकाणी कुलूप किंवा वीज नाही. बंद दाराआडची मागणी मोजता येत नाही. निधी द्यावा, मात्र पेटी नव्हे, घरापर्यंत चालू जोडणी मोजावी.*

हे फोन करण्यात जेवणाची सुट्टी गेली होती. त्याने चारला पाच कमी असताना टिपणी पाठवली.

दहा मिनिटांत फाइल परत आली. सरांचा शेरा दोन शब्दांचा: *चर्चा करावी.* म्हणजे खोलीत ये, मी बोलतो, तू बदल.

"बस," सर एकदम मायेने म्हणाले. "अरे, आपण मराठी माणसं. एकमेकांना सांभाळायचं की नाही? नवी टिपणी टाक. 'सुधारित' म्हण."

"सर, मग तुम्हीच लिहा ना असहमत म्हणून. तुम्हाला अधिकार आहे."

"मी?" ते असे दचकले, जणू कोणी त्यांना खांब चढून तार ओढायला सांगितलं. "मी कशाला लिहू?"

"ठीक आहे सर."

जागेवर येऊन संघपालने लिहिलं: *चर्चा झाली. मत कायम.* आणि पाठवलं.

आता 'नाही' म्हणायचं तर ते शशिकांत सरांना स्वतःच्या नावाने म्हणावं लागणार होतं. फाइल त्यांच्याकडे सहा दिवस पडून राहिली. सातव्या दिवशी त्यांनी लिहिलं:

*उपरोक्त प्रस्ताव वित्त विभागाच्या अभिप्रायार्थ सादर.*

प्रस्ताव! निधी द्यावा, हा प्रस्ताव. त्याला विरोध करण्याइतकंही धैर्य त्या माणसात नव्हतं, म्हणून प्रस्ताव पुढे गेला.