आडवी सायकल, रविवारी सहापर्यंत

शनिवारी सकाळपासून आत्याच्या घरी एक पाहुणी आली होती आणि ती दारातच हातपाय पसरून पडली होती. तिला तीन चाकं होती, दोन पुढे नि एक मागे. मध्ये जाळीची कललेली खुर्ची, आणि पॅडल कुठे, तर सगळ्यात पुढे, बसणाऱ्याच्या नाकासमोर. होती सायकलच, पण बसायची नव्हे, रेलायची. घराबाहेर जायचं तर तिच्यावरून तंगडी टाकावी लागत होती, आणि आत्या सकाळपासून अकरा वेळा बाहेर जाऊन आली होती. काम एकदाही नव्हतं.

"आत्या, बस की जरा! तुला बघून मलाच धाप लागली," टकळी म्हणाली. टकळी म्हणजे आत्याची भाची. वय पंधरा, तोंडाला विश्रांती शून्य.

"बसू कुठे? बसलं की तीच दिसते."

सायकलवाल्याने ती दोन दिवस चालवून बघायला दिली होती. जुनी, पण ठणठणीत. रविवारी संध्याकाळी सहाला एक तर पैसे आणायचे, नाहीतर सायकल. कारण एका दंतवैद्याचाही तिच्यावर डोळा होता.

आत्याने चोवीस वर्षं बस चालवली. गल्लीत, डेपोत, थेट मॅनेजरपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. सात महिन्यांपूर्वी एका वळणावर समोरचा अख्खा रस्ता ताटासारखा कलला. आत्याने बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, दार उघडलं, "सावकाश उतरा, घाई नको," असं सांगितलं, आणि शेवटचा माणूस उतरल्यावर पायरीवर बसून भडाभडा ओकली. दुखणं कानाचं निघालं. आतल्या कानात तोल सांभाळणारं काहीतरी असतं म्हणे, ते रुसून बसलं होतं. औषधांनी ओकाऱ्या थांबल्या, तोल काही परत आला नाही. मान पटकन वळवली की भिंती गरागरा फिरत. बस गेली. साध्या सायकलवर बसावं तर दहा पावलांत भुईसपाट. मग डेपोने तिला हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसवलं, आणि भाऊ तिला रोज स्कूटरवरून तिथे नेऊन सोडू लागला.

भाऊ कुलपं दुरुस्त करायचा. माणूस देवमाणूस, पण एकदा लावलेलं कुलूप तीनदा ओढून बघणारा. त्याच्या मागे बसून त्याचा शर्ट मुठीत धरला की आत्याला वाटायचं, आपणही हरवलेली वस्तूच. फरक इतकाच की आपल्याला कुणीतरी रोज नेऊन जमा करतं.

म्हणजे सवाल साधा होता. ही सायकल घेतली तर आत्या पुन्हा आपली आपण कुठेही जाणार. नाही घेतली तर शर्ट.

"ताई, मी सोडतोय ना तुला?" भाऊ सायकलवरून तंगडी टाकत म्हणाला. "हे काय खूळ? लोक म्हणतील, बाई खाटेसकट निघाली."

"बाबा, लोक तर तुमच्या स्कूटरच्या आवाजालाही काय काय म्हणतात," टकळीने लगेच तोंड घातलं.

"तू अभ्यास कर."

"करतेय की. तोल हाच धडा चाललाय."

दुपारी आत्याने सायकल गल्लीत काढली. रेलली, पाय वर टाकले, आणि दाबलं. आणि काय सांगावं! पहिल्या वळणावर डोकं नेहमीसारखं गरगरलं, पण सायकल ढिम्म. तिन्ही चाकांनी रस्ता असा धरून ठेवला होता, जसं मांजरीने पिल्लू धरावं. जगाला फिरायचं असेल तर फिरो बापडं, आत्या पडत नव्हती! तिने गल्लीच्या सात फेऱ्या मारल्या. आठव्या फेरीला तिला स्वतःच्या हसण्याचा आवाज आला, तेव्हा ती थेट मोठ्या रस्त्याकडे वळली.

सिग्नलला तिच्या शेजारी बस येऊन थांबली. बसचं चाक आत्याच्या डोळ्यांसमोर आलं, अगदी समोर. चाकाचा एकेक नट मोजता येत होता. आत्याने वर पाहिलं. ड्रायव्हरची खिडकी कुठेतरी आभाळात होती, आणि आभाळातून खाली काय दिसतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिने स्वतःलाच विचारलं, मी वर असते तर मी मला पाहिलं असतं का?

ती तिथेच उतरली आणि सायकल ढकलत घरी आली.

त्या रात्रीचं जाऊ द्या. रविवारी सकाळी भांडी घासून झाल्यावर तिने तीच भांडी पुन्हा घासायला घेतली, तेव्हा टकळीने तिच्या हातातली घासणी काढून घेतली. "आत्या, नक्की भीती कसली? पडायची?"

"पडायची भीती घालवणारीच सायकल आहे ती." आत्याने हात पुसले. "आंधळा कोपरा असतो बसला. समोर खाली थोडा, आणि दाराच्या बाजूला मोठा. तिथे काय आहे ते ड्रायव्हरला दिसत नाही. आणि ही बया इतकी बुटकी की अख्खी त्यात मावते."

"केवढा असतो तो?"

चोवीस वर्षं तो कोपरा तिने अंदाजाने सांभाळला होता. केवढा, ते कधी मोजलंच नव्हतं.

"खडू आहे का गं तुझ्याकडे?"

आतल्या गल्ल्यांमधून ती सायकलने डेपोत गेली. टकळी पुढे पळत, "बाजूला व्हा, बाजूला व्हा," करत. रविवारी निम्म्या बस जाग्यावर उभ्या असतात. भोंगा तिथेच होता. भोंगा म्हणजे आत्याच्या बरोबरीचा ड्रायव्हर. घसा असा की त्याच्या बसला हॉर्न लागत नसे. पोट असं की स्टेअरिंगला टेकू लागत नसे.

"ही काय आरामखुर्ची पळवून आणलीस?"

"बडबडू नकोस. वर चढ, सीटवर बस आणि मी दिसते का ते सांग."

भोंगा चढला. आत्या सायकल घेऊन बसच्या नाकासमोर आली. "दिसतेस!" एक पाऊल जवळ. "दिसतेस!" बंपरला पॅडल टेकवलं. "दिसतेस की!" दाराच्या बाजूला गेली, पुढच्या चाकाला खेटून उभी राहिली. वरून भोंग्याचा आवाज आलाच, "स्वच्छ दिसतेस!"

टकळी टाळ्या वाजवायला लागली. आत्याच्या मात्र कपाळाला आठी पडली. तिने वर तोंड करून विचारलं, "आत्ता मी काय केलं?"

वरून अंदाजाने उत्तर आलं, "हात हलवलास."

"जीभ दाखवली तुला, खोटारड्या! उतर खाली!"

भोंगा खाली उतरला तो मान खाली घालून. एवढ्या मोठ्या घशाचा माणूस, पण आवाज निघाला तो डासाएवढा. "मला वाटलं, दिसतेस म्हटलं की घेऊन टाकशील. त्या खिडकीत बसलेली तू बघवत नाहीस गं."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. एरवी तिने त्याची चांगली हजेरी घेतली असती. पण तिची नजर बसच्या दाराकडे गेली होती. तीन पायऱ्या. सात महिन्यांत ती एकदाही त्या चढली नव्हती.

"तू सायकलवर बस," ती म्हणाली. "मी चढते."

पहिल्या पायरीवर दांडा गार लागला. दुसरीवर फरशी हलकेच झुकली. आत्याने समोरच्या काचेवरचा एक डाग धरला, डोळ्यांनी घट्ट, आणि तिसरी चढली. सीट भोंग्याच्या मापाची होती. तिने न बघता हात खाली घातला, दांडी ओढली, सीट पुढे सरकवली. हाताला सगळं पाठ होतं. इंजिन बंद होतं, तरी पाय क्लचवर गेलाच.

"बसलास का रे?"

"बसलो! पण उठणार कसा ते विचारू नकोस!"

भोंगा तिच्या काचेत होता. पाय वर, पोट त्याहून वर. टकळीने सायकल मागून ढकलत जवळ आणली. भोंग्याचे पाय गेले. पोट गेलं. केस राहिले. मग केसही गेले.

"थांब!" आत्या ओरडली. "तिथे रेघ मार."

मग दाराची बाजू. तिथे तर भोंगा होता आणि भोंगा नव्हता, जणू जमिनीने गिळला. आत्या वरून ओरडत राहिली, टकळी रेघा मारत राहिली. शेवटी आत्या हळूहळू खाली उतरली. बसच्या कोपऱ्याला धरून फरशीवर एक भलामोठा खडूचा आकार पसरला होता, राक्षसाच्या चपलेएवढा. सायकल त्यात अख्खी मावून वर जागा उरत होती.

भोंगा अजून खुर्चीत अडकलेला.

"म्हणजे नाही घ्यायची," टकळी म्हणाली. तिच्या तोंडून इतकं लहान वाक्य पहिल्यांदाच निघालं असावं.

आत्या त्या आकाराभोवती फिरू लागली. एक फेरी, दोन फेऱ्या. मग मध्येच वळली, भिंत धरली, डोकं जाग्यावर येऊ दिलं, आणि तडक आपल्या खिडकीकडे गेली. हरवलेल्या वस्तूंचं कपाट तिने उघडलं. छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे, आणि मागच्या कोपऱ्यात वर्षभर कुणीही न विचारलेली मासे पकडायची काठी. वरच्या फळीवर एक लहान मुलाचा नारिंगी रेनकोट. आत्याने वहीत नीट लिहिलं: "दोन वस्तू, तात्पुरत्या." घेणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव, देणाऱ्याच्या जागीही स्वतःचंच.

काठी खुर्चीच्या पाठीला बांधली. टोकाला रेनकोट. बाह्या वाऱ्यावर अशा हलायला लागल्या की जणू एखादं पोर खांद्यावर बसून सगळ्यांना टाटा करतंय.

आत्या पुन्हा वर चढली. या वेळी काचेवरचा डाग तिने शोधला नाही, थेट खाली पाहिलं. भोंगा बुडाला, पण रेनकोट तरंगत राहिला. समोर दिसला. दारापाशीही, काचेच्या कडेला, एक नारिंगी बाही. फक्त दाराच्या मागे, चाकाच्या अगदी अंगाशी, तीही गेली.

नवा आकार जुन्या आकाराच्या पोटात बसला. एका चटईएवढा.

"पण एवढा राहिलाच ना गं," टकळी म्हणाली.

"राहणारच. बस म्हटली की तेवढा आंधळेपणा आलाच." आत्याने चपलेने त्या चटईच्या कडा चाचपल्या. "कालपर्यंत मला अख्खा रस्ताच हा वाटत होता. आता एवढाच आहे. इथे मी जायचं नाही, बस्स. किती वाजले?"

"सव्वापाच!"

"अरे मला आधी कुणी उठवा!" भोंगा खुर्चीतून गर्जला.

या वेळी ती मोठ्या रस्त्यानेच गेली. सिग्नलला मागून बस आली. आत्या कडेला सरकली नाही. बसच्या पुढे चार पावलं, लेनच्या मधोमध थांबली, आणि मान न वळवता सायकलच्या आरशात पाहिलं. ड्रायव्हर कुणी नवखा होता. त्याची नजर आधी रेनकोटवर गेली, मग काठीवरून घसरत खाली तिच्यापर्यंत आली, आणि त्याचे डोळे बशीएवढे झाले. आत्याचे पाय पॅडलवर घट्ट होते. हिरवा लागला. तो थांबला. ती निघाली.

दुकानापाशी सायकलवाला घड्याळाकडे बघत उभा होता. शेजारी भाऊ, स्कूटरला टेकून, हातात आत्याचं हेल्मेट घेऊन. सायकल परत दिल्यावर ताई घरी कशी येणार, म्हणून मुद्दाम आलेला.

"मग काय ठरलं?" सायकलवाल्याने विचारलं. "दंतवैद्यांना काय सांगू?"

"सांगा, दात कोरत बसा." आत्याने पर्समधून पाकीट काढून त्याच्या हातात ठेवलं. "आणि नव्या काठीला एक पक्की जागा करून द्या. ही मला परत जमा करायचीय."

भाऊ हातातल्या हेल्मेटकडे बघत राहिला. दोनदा या हातातून त्या हातात घेतलं, मग स्कूटरच्या आरशाला अडकवलं.

"मी मागे मागे येतो," तो म्हणाला. "नुसतं लक्ष ठेवायला."

आणि आला. पूर्ण रस्ता, चालत्या माणसाच्या वेगाने, फटफट फटफट करत. आत्याला तो आरशात दिसत होता, कपाळावर आठ्या, नजर तिच्या मागच्या चाकावर खिळलेली. तिने हात बाहेर काढला आणि पुढे जा म्हणून खूण केली, चोवीस वर्षं मागच्या गाड्यांना करायची तशी. तो जाईना. तिने पुन्हा केली. शेवटी त्याने गाडी बाहेर काढली, तिच्या शेजारून पुढे गेला आणि वळून वळून मागे बघायला लागला. स्कूटर डुगडुगली.

"पुढे बघ, गाढवा!" आत्या खुर्चीतून ओरडली. "पुढे!"