मूळ स्थितीत

संग्रहालयाच्या मागच्या दाराने ती आत शिरली तेव्हा खुशीत होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे ती खुशी औषधालाही उरणार नाही.

ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून "क्लच, अहो क्लच!" असं ओरडून ओरडून तिचा आवाज कायमचा चढलेला. आज मात्र सगळ्या शिकवण्या रद्द करून, इस्त्रीचे कपडे घालून आली होती. दादाने तिच्यासाठी मागे ठेवलेला डाव आज तिला बघायला मिळणार होता.

लहानपणी घरात एकच व्हिडिओ गेम. हातात धरून खेळायचा, राखाडी रंगाचा, पाठीत पेन्सिल सेल घालायचे तो. कॅसेटही एकच. त्यावरून दोघं रोज एकमेकांच्या झिंज्या उपटायचे, म्हणून आईने नियम घालून दिला: एक डाव ह्याचा, एक डाव हिचा. दादा कसला वस्ताद! आपला डाव संपवताना तो खेळातल्या माणसाला मुद्दाम अवघड जागी नेऊन उभा करायचा, कड्याच्या टोकावर नाहीतर राक्षसाच्या पुढ्यात, आणि तसाच सेव्ह करायचा. वर दात काढून म्हणायचा, "घे टिंगे, आता तुझा डाव. निघून दाखव!" टिंगी म्हणजे हीच. ती शिव्या घालत निघायची आणि त्याच्यासाठी त्याहून वाईट जागा शोधून ठेवायची.

दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळीही तो खेळला. गेम तिच्या हातात कोंबून म्हणाला, "या वेळी अशा ठिकाणी सोडलंय तुला, जन्मात निघणार नाहीस!" तो परत आला नाही. आणि तिने तो डाव कधी घेतला नाही, साधा उघडूनही बघितला नाही. घरच्यांना हे खूळ वाटायचं. वाटू दे. तिने डाव घेतला की पुढचा डाव दादाचा होता, आणि तो घ्यायला कोण येणार होतं?

घोर एकाच गोष्टीचा होता. कॅसेटच्या पोटात शर्टाच्या बटणाएवढी एक बॅटरी असते. सेव्ह केलेला खेळ तिच्याच जिवावर टिकतो. ती संपली की खेळ गेला. इतकी वर्षं ती टिकली हेच नशीब, आणि नशिबावर किती दिवस ढकलायचं? तेवढ्यात संग्रहालयाचे संचालक जुनी खेळणी शोधत घरी आले. चहा पीत म्हणाले, "ताई, गेम संग्रहालयाला द्या, आमच्याकडे प्रयोगशाळा आहे. आतल्या खेळाची हुबेहूब नक्कल काढू. मूळ डाव आहे तसा राहील, नक्कल तुम्ही हवी तेवढी खेळा." म्हणजे दादाने कुठे सोडलंय ते बघायचं, आणि त्याचा डाव मोडायचाही नाही! तिला तो देवमाणूस वाटला. गेम तिने स्वतःच्या हाताने त्याला दिला.

प्रयोगशाळेत एक चष्मेवाली मुलगी होती. जुन्या वस्तू साफ करून टिकवणं हे तिचं काम. पांढऱ्या ट्रेमध्ये गेम चकचकत होता. "खास तुम्हाला दाखवायला बाहेरून वीज जोडलीय," असं म्हणत तिने बटण दाबलं. ओळखीचे सूर वाजले, पडदा उजळला. 'नवा खेळ' एवढीच ओळ आली.

"खालची ओळ कुठाय?" हिने विचारलं.

"कुठली?"

"अगं, 'पुढे चालू' म्हणून असते! टिंगी असं नाव असतं पुढे. माझ्या दादाने जायच्या आधी मला कुठेतरी नेऊन सोडलंय त्यात, माझ्या डावासाठी!"

"नाही बाई, काहीच नव्हतं. बॅटऱ्या तर आम्ही पहिल्याच दिवशी काढतो. गळतात ना त्या, सगळी वस्तू खाऊन टाकतात. नियमच आहे. मागचे सेल काढले, मग क्ष-किरणांत कॅसेटच्या आतही एक दिसली. तीसुद्धा अलगद काढली, कुठे डाग नाही पडू दिला!" तिच्या बोलण्यात चक्क अभिमान होता. मग तिने समोरचा चेहरा पाहिला.

"आधी नक्कल काढायची होती ना?"

"कसली नक्कल?"

एवढं ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बोलव तुझ्या साहेबांना!" ती अशी ओरडली की कॉरिडॉरमधली माणसं दारात गोळा झाली.

संचालक हसत आले. "ताई, वस्तूला काहीसुद्धा झालेलं नाही. नकलेचं गडबडीत सांगायचं राहून गेलं खरं. पण आपण नवी बॅटरी बसवू! सुरुवातीपासून खेळा की."

"तुमच्या घरातलं माणूस गेलं तर मी येऊन म्हणू का साहेब, नवं बसवून घ्या म्हणून? द्या माझा गेम इकडे!"

"आता तो संग्रहात जमा झाला. असा परत देता येत नाही."

तेव्हा तिचं लक्ष ट्रेशेजारच्या छापील कार्डाकडे गेलं. काचेच्या पेटीत लागायचं होतं ते. तिने मोठ्याने वाचलं, "'हातातला व्हिडिओ गेम. मूळ स्थितीत जतन केलेला.' मूळ स्थितीत? आतून जीव काढून घेतलात आणि म्हणे मूळ स्थितीत! चोर ते चोर, वर शिरजोर!"

"मग काय लिहू? आम्ही पुसला म्हणून लिहू?"

"हो! तेच लिहा."

"लोकांचा विश्वास उडेल आमच्यावरचा."

"माझा उडाला त्याचं काय? हे बघा, तुम्ही लिहू नका. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मी येते, त्या पेटीला टेकून उभी राहते आणि येईल त्याला सांगते. दिवसभर ओरडायची सवय आहे मला. माझा घसा बसत नाही."

संचालकांचं हसू मावळलं. चष्मेवालीने खण उघडला. काढलेला कुठलाही भाग फेकायचा नाही, हाही त्यांचा नियम. त्यातून तिने एक छोटी पारदर्शक पिशवी काढून ट्रेमध्ये ठेवली. आत ती बटणाएवढी बॅटरी. "ही पण पेटीत ठेवते," ती म्हणाली. संचालक म्हणाले, "ते आत ठेव." ती म्हणाली, "मी काढलीय, सर. मीच सांगते." छापील कार्ड उलटं करून तिने कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'या खेळात एका भावाने बहिणीसाठी डाव राखून ठेवला होता. ही बॅटरी काढताना तो आमच्या हातून पुसला गेला.' संचालक पाय आपटत निघून गेले.

"मला माफ कराल?" चष्मेवालीने विचारलं.

"नाही."

मुलीने मान खाली घातली. मग चाचरत म्हणाली, "होतं काय त्यात? कुठे सोडलं होतं त्यांनी तुम्हाला?"

"तेच तर! तेच तर माहीत नाही ना मला!" ती कडाडली, आणि इतका वेळ टिकलेला तो दणदणीत आवाज मधेच फाटला. "जन्मात निघणार नाहीस म्हणाला होता. कसली निघतेय आता मी! जिंकला गं गाढव... जिंकला!"