फुंकरबाबाचं फडकं

ताईच्या गोठ्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. फुंकरबाबाने तिच्या आजारी गाईच्या, भुरीच्या नाकात फुंकर मारली, एका कळकट फडक्याने तिचा शेंबूड आणि खपल्या पुसल्या आणि ते फडकं गर्दीवर गरगर फिरवलं. दोन थेंब माझ्या ओठांवर उडाले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

“रोग म्हणजे वारा! वाऱ्याला वाराच काढतो! चार दिवसांत नाक लख्ख!” बाबा गरजला.

चौथ्या दिवशी भुरीचं नाक खरंच लख्ख झालं. ताप उतरला, ती वैरणीवर तुटून पडली. लोकांनी बाबाला डोक्यावर घेतलं. मग बाबा तेच ओलं फडकं घेऊन घरोघर धडधाकट गाईंची नाकं पुसत हिंडला. आधीच बंदोबस्त, म्हणे!

तीन आठवड्यांत सात गोठ्यांत नाकं गळू लागली. शेजारच्या काकूंची गाय गाभडली, वासरू दिवस भरायच्या आधीच पडलं. बाबाचं उत्तर तयार होतं, “तुमची श्रद्धा पातळ!” दूध केंद्रावर दुधातलं पाणी मी रोज तपासतो, श्रद्धेतलं पाणी मोजायचं यंत्र याला कुठे मिळालं कोण जाणे.

ताईची कालवड पहिल्यांदाच गाभण होती, सातवा महिना. साथीच्या आधीच मी तिला माझ्याकडे नेऊन बांधलं होतं. आज बाबा परत आला, पुन्हा गर्दी जमली, म्हणून ताई तिला आपल्या गोठ्यापाशी घेऊन आली.

“तू मध्ये पडू नकोस,” ती मला म्हणाली. “हिचं वासरू गेलं तर तू आणून देणारेस?”

मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आलो होतो. त्यांनी ताईला विचारलं, “तुमच्या दोन गाई आजारी होत्या ना? दुसरी कुठाय?”

“लाथाडी? मागे बांधलीय. तिला बाबांनी हात नाही लावला. लाथा झाडते ना ती.”

“मग तिचं नाक कधी सुकलं?”

ताईने बोटांवर दिवस मोजले. “भुरीबरोबरच. त्याच दिवशी.”

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

“नाकातले हे फोड दहा-बारा दिवसांत आपोआप सुकतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बाबा आठव्या दिवशी उगवतात. पण विषाणू जात नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या पेशींत तो जन्मभर गप्प बसतो. प्रवास, बाळंतपण, कसलाही ताण आला की पुन्हा नाकात उतरतो. गेल्या आठवड्यात तपासायला नेलेल्या दोघींच्या रक्तात त्याची खूण सापडलीय, हा बघा कागद. दोघींना वेगळं बांधा, बाकीच्यांना लस द्या. आणि बाबा, तुम्ही रोग पुसला नाहीत. घरोघर वाटलात.”

बाबा फडकं घेऊन कालवडीकडे सरकला. “फार शिकलं की असंच…”

ताईने ते त्याच्या हातातून ओढलं. “पवित्र आहे ना? मग आधी स्वतःचं तोंड पुसा.”

बाबा दोन पावलं मागे झाला आणि त्याने नाकावर हात धरला. सगळ्यांनी पाहिलं.

मला त्याची किळस आलीच, पण त्याहून जास्त आमची आली. महिनाभर लाथाडी समोर उभी होती आणि तिच्याकडे एकानेही पाहिलं नव्हतं. पुन्हा कुणी चमत्कार दाखवला, तर ज्याला त्याचा हात लागला नाही त्याचं काय झालं, एवढं तरी विचारा.

ताईने फडकं चुलीत टाकलं. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, आणि मगच कालवडीचं दावं धरून ती माझ्या घराकडे निघाली.