मंजुरी प्रलंबित

कळमनुरीजवळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात सीमा औषधांचं भांडार सांभाळायची. महिन्यापूर्वी तिथं सगळं काम संगणकावर गेलं होतं. आधी नोंदणी, मग तपासणी, मग डॉक्टरांची मंजुरी, मग औषध. एक पायरी झाल्याशिवाय दुसरी उघडत नसे. मंजुरीशिवाय औषध दिलं तर नोकरी जाईल, असं व्यवस्थापकांनी सगळ्यांकडून लिहून घेतलं होतं.

त्या दिवशी सकाळी अकराला तांड्यावरच्या प्रेमदासनं आपल्या आईला उचलूनच आत आणलं. भिकाबाईंना हळदीच्या रानात नाग चावला होता. डॉक्टर शिवप्रसादांनी तपासलं आणि भांडाराच्या खिडकीशी येऊन सांगितलं, "सर्पदंशाच्या दहा कुप्या. लगेच."

सीमानं पडद्याकडं पाहिलं. 'मंजुरी प्रलंबित.' शिवप्रसाद त्याच सकाळी रुजू झाले होते. संगणकात अजून जुन्या डॉक्टरांचंच नाव होतं, आणि ते तर गाव सोडून गेलेले. डॉक्टर रुग्णाकडं परतले. तिनं व्यवस्थापकांना फोन लावला. उचलला नाही. मग संगणक कंपनीच्या माणसाला.

"नवं नाव टाकायला उद्याची दुपार होईल, मॅडम."

"मधली पायरी सोडून देता येती का?"

"तशी सोयच नाही."

"ताई, काहून थांबल्या?" प्रेमदास खिडकीशी आला होता. "माय काय बोलून राहिली ते समजंना. पापण्या मिटून राहिल्या तिच्या."

सीमाचं घर तिच्या एकटीच्या नोकरीवर चालत होतं. तिनं फ्रिज उघडला, दहा कुप्या काढल्या आणि स्वतः धावत नेऊन दिल्या. परत येऊन कोऱ्या कागदावर रुग्णाचं नाव, वेळ, डॉक्टरांचा तोंडी आदेश लिहिला. खाली सही केली.

संध्याकाळी भिकाबाईंनी डोळे उघडून पाणी मागितलं. सीमाची चौकशी मात्र आठ दिवस चालली. दाराशी गाडी थांबली की ती खिडकीतून डोकावून बघायची. डॉक्टरांनी तिच्या बाजूनं लेखी दिलं, तरी व्यवस्थापकांनी ताकीदपत्र हातात ठेवलंच. नोकरी तेवढी राहिली.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस तिच्या शेजारी येऊन बसला. "काम कुठं कुठं अडतं, सगळं सांगा."

ती तासभर सांगत होती. शेवटी पडद्यावर एक नवी पाटी आली: 'तातडी. औषध आधी, मंजुरी चोवीस तासांत.'

"हे वापरलं तर पुन्हा पत्र येईल का?" तिनं विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार, मॅडम. व्यवस्थापकांना विचारा."

ती तशीच उठली आणि व्यवस्थापकांच्या खोलीकडं निघाली. हे उत्तर तिला लेखी हवं होतं.