दुकानाबाहेरची खुर्ची

“एकोणसाठ,” फूटपाथ तपासायला आलेले साहेब पोलादी टेप मिटवत म्हणाले. “साठ इंच मोकळे हवेत, मास्तर. खुर्ची आत घ्या.”

“मी स्वतः मोजलंय की. साठ भरले होते,” शिंपी म्हणाला, आणि गळ्यातल्या फितीकडे बघून त्याने जीभ चावली. फितीचं पितळी टोक तुटताना पहिला इंचही घेऊन गेलं होतं. कापड मोजताना हात तो इंच आपसूक वजा करायचा. तीस वर्षांत एका गिऱ्हाइकाची बाही आखूड झाली नव्हती. फूटपाथ मोजताना मात्र त्याची अक्कल चरायला गेली होती.

खुर्ची मागे सरकवावी तर मागे भिंत. शेजारी दार, आणि दारात काही ठेवायचं नाही, हाही नियमच.

“साहेब, एका इंचाने काय आभाळ कोसळणार आहे?”

“काल चाकांच्या खुर्चीतून एक बाई चालल्या होत्या. तुमच्या खुर्चीतले आजोबा पाय पसरून बसलेले. विनवलं तरी हलेनात. बाईंना रस्त्यावर उतरावं लागलं, आणि मागून टेम्पो.”

शिंप्याचा आवाज खाली आला. “ते आजोबा म्हणजे माझा दादा. त्याला आता दुकानाची पाटी वाचून कळत नाही. मलासुद्धा कधी ओळखतो, कधी नाही. ही लाल खुर्ची तेवढी ओळखतो. रोज अकराला चालत येतो, ती दिसली की बसतो. नाही दिसली तर सरळ पुढे जाईल. पुढे हमरस्ता आहे, साहेब.”

“मग एकटं का सोडता?”

“वहिनी म्हणते, तेवढं एक चालणं उरलंय त्याचं, तेही कशाला काढून घ्यायचं?”

साहेबांनी टेपवरची धूळ पुसली. “पण त्या बाईंनाही रोज इथूनच कामावर जायचं असतं.”

हे खरं होतं, आणि समोरचा खरं बोलला की भांडायला तोंड उरत नाही. शिंप्याने खुर्ची उचलली. “माणूस उभा राहिला तर चालेल ना?”

“माणूस बाजूला सरकतो. चालेल.”

दुसऱ्या दिवशी पावणेअकरालाच शिंपी खुर्चीच्या जागी, भिंतीला पाठ लावून, शर्टाला बटणं लावत उभा राहिला.

“मास्तर, दुकानातून हाकललं की काय?” एका गिऱ्हाइकाने विचारलं.

“मशीनशी भांडण झालंय,” तो म्हणाला. त्या बाई आपली चाकं ढकलत आल्या, तेव्हा त्याने पोट आत घेतलं. त्या हसून पुढे गेल्या.

मग दादा आला. इस्त्रीचा सदरा, हात पाठीमागे. त्याने भिंतीकडे पाहिलं, धाकट्या भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तो चालत राहिला. 

“दादा.”

दादा वळला नाही. शिंपी सुईदोऱ्यासकट धावला आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. दादा बावरून थांबला.

“अहो, इथं माझ्या धाकट्या भावाचं दुकान होतं हो,” दादा म्हणाला. “शिवणकाम करतो. फार चांगला हात आहे त्याचा.”

उभ्या आयुष्यात दादाने त्याला असं कधी म्हटलं नव्हतं. शिंप्याने हातातली सुई आपल्या कॉलरला टोचली.

“माहितीये मला ते दुकान,” तो म्हणाला. “चला, दाखवतो तुम्हाला.”

आणि दादाचा कोपर धरून, त्याच्या चालीने, तो त्याला मागे घेऊन आला.