मातालेना वाकून गेली

आठ महिने ज्या पत्राला इलिसाराने उत्तर दिलं नव्हतं, ते पेनिनाने जाडजूड नकाशांच्या पुस्तकातून ओढून काढलं आणि टेबलावर, वाफाळत्या तारोच्या कंदांच्या पातेल्याशेजारी ठेवलं. रविवारची प्रार्थना आटोपून ती थेट बापाकडे, इलिसाराकडे आली होती. डोक्यावरची पांढरी हॅटही अजून उतरवली नव्हती.

"नकाशांत लपवलंत होय," ती म्हणाली. "मी आधी बायबलात शोधलं."

"लपवलं नव्हतं. ठेवलं होतं."

"इस्पितळातून मला फोन आला परवा. बाई विचारत होत्या, तुमचे वडील हयात आहेत ना?"

इलिसाराने चष्मा काढून पुसला. पत्र त्याला पाठ होतं. डॉक्टर हॅलोवेल नावाच्या बाईंनी ते लिहिलं होतं, आणि फार सभ्यपणे लिहिलं होतं. त्याची बायको मातालेना इस्पितळाच्या तातडीच्या विभागात सात तास खुर्चीवर बसून राहिली, आणि आत नेल्यावर दुसऱ्या दिवशी गेली, याची चौकशी एक समिती करत होती. पित्ताशय आतल्या आत फुटलं होतं. समितीपुढे अडचण एकच होती. दारातल्या नर्सने त्या दुपारी नोंद केली होती : 'रुग्ण कुणाच्या आधाराविना चालते, आजूबाजूच्यांशी हसून वागते, त्रासात दिसत नाही.' आपल्यालाही हे असंच आठवतं का, एवढंच बाईंना हवं होतं. थोडक्यात लिहिलंत तरी चालेल, असं शेवटी होतं.

"या शुक्रवारी ते फाईल बंद करणार," पेनिना म्हणाली. "तुमचं उत्तर नाही गेलं, तर नर्सचं लिहिणं खरं. मग चूक कुणाचीच नाही. आई आपली हौसेने मेली."

"असं बोलू नये."

"कसं बोलू मग? दोनदा इस्पितळात गेली होती ती त्याआधी. तारो कमी खा, वजन उतरव, आणि हातात गॅसच्या गोळ्या. आणि तो दाढीवाला गोरा, तो पालागी? तुम्हीच सांगितलंत, तुमच्यानंतर दोन तासांनी आला, पोट धरून ओरडला, आणि वीस मिनिटांत आत. काय होतं त्याला?"

"ते आपल्याला कसं कळणार."

"बद्धकोष्ठ. मी कामावरून धावत तिथे पोचले, तेव्हा त्याची गोरी बायको दारात उभी राहून सगळ्यांना सांगत होती. हसू आवरत नव्हतं तिला."

इलिसाराने तारोचा तुकडा ताटात घेतला आणि तसाच ठेवला. तो माणूस त्याला आठवत होता. बिचारा, त्याला जाऊ दे आधी, असं मातालेनाच म्हणाली होती. तो स्वतः नोंदणीच्या खिडकीपाशी एकदाच गेला होता. त्याचं बोलणं आतल्या पोरीला ऐकू जाईना, म्हणून त्याला तेच तीनदा सांगावं लागलं होतं, आणि तिसऱ्यांदा सांगताना शेवटी त्याने जोडलं होतं, "घाई नाही. तुमच्या सवडीने."

"लिहा, माझी बायको हसत नव्हती. एक वाक्य. मी लिहून आणते, तुम्ही नुसती सही करा."

"ती हसत होती, पेनिना."

पेनिनाने हॅटची पिन काढली आणि बराच वेळ बोटांत धरून ठेवली.

"आई सगळीकडेच हसायची," ती म्हणाली. "दात उपटताना हसली होती. त्यांना काय ठाऊक?"

"मी लिहीन. माझं मी लिहीन."

"खरं?"

"खरं."

"तीस वर्षं पुस्तकांत काढलीत पपा. चार ओळींना किती वेळ लागतो?"

"पुस्तकं जागेवर लावण्यात काढली," तो म्हणाला. शहराच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं ढकलगाडीतून नेऊन तो फळ्यांवर लावत असे. "लिहिणारे वेगळे."

सोमवारी त्याने लिहिलं आणि फाडलं. मंगळवारीही तेच. बुधवारी सकाळी मात्र हात चालू लागला तो थांबेना.

त्याने लिहिलं की आमच्या बेटांवरच्या लोकांत बसलेल्या माणसांसमोरून कुणी ताठ जात नाही. पाठ वाकवायची, एक हात खाली सोडायचा आणि 'तुलोऊ' म्हणत, म्हणजे माफी मागत, पुढे व्हायचं. लहानपणी हे चुकलं की पाठीत धपाटा बसतो. त्या दुपारी मातालेना स्वच्छतागृहाकडे जायला पहिल्यांदा उठली तेव्हा समोरच्या रांगेत आठजण बसले होते. ती वाकून, तुलोऊ, तुलोऊ, म्हणत त्यांच्यासमोरून गेली. एका गोऱ्या म्हातारीने पाय आत घेतले आणि ती हसली. नर्सने मान वर केली, तीही हसली. मला बरं वाटलं. परक्यांच्या घरातही माझ्या बायकोची रीत सुटली नव्हती.

दुसऱ्यांदा ती गेली तेव्हा जरा जास्त वाकली होती, आणि खाली सोडायचा हात तिने कुशीवर दाबून धरला होता.

तिसऱ्यांदा ती खुर्चीतून उठली ती वाकूनच. तशीच गेली. तोंडाने तुलोऊ चालू होतं. समोरची रांग तोवर रिकामी झाली होती. आठ निळ्या खुर्च्या, आणि त्यांत चिटपाखरू नाही. हे मला दिसलं होतं, असं इलिसाराने लिहिलं. ती कुणाची माफी मागते आहे, असं माझ्या मनात आलंही होतं. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

आणि चौथ्या पानाच्या तळाशी : 'आपल्या नर्सला आमची रीत ठाऊक नव्हती. मला होती.'

संध्याकाळी पेनिनाचा फोन आला.

"लिहिलंत?"

"चार पानं झाली."



"आईबद्दल?"

"हो."

"वाचून दाखवा ना."

"नको."

"बरं. तशीच टाका. तुमची सवय माहितीये मला. काही खोडू नका, पपा."

गुरुवारी सकाळी त्याने पाकिटावर पत्ता लिहिला. पानं घडी घालण्याआधी एकदा वाचून घ्यावीत म्हणून तो बसला. ओळीखाली पट्टी सरकवत वाचायची त्याची जुनी सवय होती.

चौथं पान जवळजवळ सगळं त्याच्या स्वतःबद्दल होतं. त्याच्याबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. ते त्याने बाजूला ठेवलं. तिसऱ्यावर त्या रिकाम्या खुर्च्या होत्या. पण चौथं पान गेल्यावर त्या नुसत्या खुर्च्याच राहिल्या. एवढ्या शिकलेल्या बाईला त्यांचं काय करायचं, हे त्याला सांगता येईना. दुसऱ्यावर कुणी कसं चालावं याची शिकवणी दिली होती. तो कोण शिकवणारा? शिवाय त्याच पानावर तो दाढीवालाही आला होता, आणि त्या गरिबाची काय चूक? दुखलं म्हणून ओरडला. नर्स तर पोरगीच होती. मातालेनाला थंडी वाजली तेव्हा तिनेच पांघरूण आणून दिलं होतं. तिची नोकरी गेली तर? आणि चार पानं. आजाऱ्यांनी भरलेल्या इस्पितळात बाईंनी चार पानं वाचत बसायची.

थोडक्यात लिहिलंत तरी चालेल.

त्याने नवा कागद घेतला.

'आदरणीय डॉक्टर हॅलोवेल, उत्तराला फार उशीर झाला, क्षमा असावी. आपल्या नर्सने लिहिलं आहे ते बरोबर आहे. माझी बायको कुणाच्या आधाराविना चालत होती आणि हसत होती. आपण आस्थेने विचारलंत, त्याबद्दल आभारी आहे.'

पट्टी लावून त्याने ते दोनदा वाचलं. एकही चूक नव्हती. अक्षरही चांगलं आलं होतं. चार पानं त्याने बारीक फाडून तारोच्या सालींबरोबर बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि कोट चढवला.

औषधांच्या दुकानात पोस्टाची खिडकी होती. तिथल्या मुलीने पाकिटावर शिक्का मारला आणि ते त्याच्याच हातात परत दिलं. "बाहेर लाल पेटी आहे, आजोबा. बाराच्या आत टाका, उद्या सकाळी नक्की पोचेल."

पेटीपाशी पोचतो तोच खिशातला फोन वाजला.

"टाकलंत?" पेनिनाने विचारलं. तिच्यामागे तिच्या कारखान्यातली यंत्रं घरघरत होती.

"टाकतोच आहे."

"काही खोडलं नाहीत ना?"

इलिसाराने पाकिटाकडे पाहिलं.

"एक शब्दही खोडला नाही," तो म्हणाला.

"मी रात्रभर विचार करत होते. तुम्ही लिहाल असं मला वाटलंच नव्हतं, पपा." तिचा आवाज ओला झाला होता. "आता त्यांना कळेल."

"हो."

"थंडी आहे. घरी जा आता."

त्याने फोन खिशात ठेवला आणि पाकीट फटीतून आत सरकवलं. ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत तो थांबला. मागे एक बाई आपलं पाकीट घेऊन उभी होती. तिला ताटकळत ठेवल्याबद्दल त्याने तिची माफी मागितली आणि तो बाजूला झाला.